टाचेचं हाड वाढलंय म्हणून धावणं बंद? (बडोद्याच्या ताईंना उत्तर)

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचताना मला माझीच टाच आठवली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेच्या आतल्या कडेला कळ, मोरीपर्यंत लंगडत जायचं, थोडं चाललं की सैल, आणि ऑफिसात बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. तुम्ही पावसाळ्यात कमाटीबागेत धावायला सुरुवात केलीत, दसऱ्यानंतर दुखायला लागलं, एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ असं निघालं आणि आता धावणं कायमचं सोडा म्हणून सांगितलंय. वर हिवाळ्यातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचे पैसे भरून बसलात.

मी डॉक्टर नाही, कारकुनी करणारा माणूस आहे. टाच मात्र स्वतःची दुखवून घेतलेली आहे, म्हणून लिहितोय. बूट कसे घ्यावेत, वजन किती असावं वगैरे सगळीकडे मिळेल, ते सोडतो.

तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी जाता जाता टाकली आहे: ‘नवरात्रीत एकही रात्र चुकवली नाही.’ अहो, तिथेच तर आहे सगळं! आपल्याकडचा गरबा म्हणजे मैदानात अनवाणी, दोन-अडीच तास, निम्मा वेळ चवड्यांवर. नऊ रात्री. त्यात सकाळी उठून धावणं चालूच. तळव्याखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला. त्याला हळूहळू ओझ्याची सवय होते, पण एकदम दुप्पट-तिप्पट दिलं की तो कुरकुरायला लागतो, आणि सगळ्यात आधी टाचेला जिथे चिकटलेला असतो तिथे. रात्री झोपेत पाय ताणलेला नसतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. माझंही असंच सुरू झालं होतं, नवरात्र आणि नवं धावणं एकत्र.

आता त्या हाडाबद्दल. यात माझा सगळ्यात जास्त वेळ, पैसा आणि एक अख्खा हिवाळा गेला, म्हणून जरा लांबेल. नाव घेत नाही, शहरातलं बरंच चालणारं क्लिनिक आहे. टोकन घेऊन तासभर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, टाचेच्या हाडाला चोचीसारखं टोक आलं होतं, त्या चोचीवर पेन ठेवलं आणि सांगितलं, ‘हे बघा, हाड वाढलंय, हेच टोचतंय.’ पायाला हातसुद्धा लावला नाही. मोजा काढायला सांगितलं नाही. किती धावता, कधीपासून, घरी अनवाणी असता का, गरबा खेळलात का, यातलं एक अक्षर नाही. ‘या वयात धावायचं कशाला?’ हा एकच प्रश्न, आणि तोही उत्तरासाठी नव्हता. मग टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन, बाहेर येईपर्यंत कंपाउंडरने कपाटातून बुटात घालायची मऊ टाचपट्टी काढून हातात दिली, बिल फाडलं, पुढचा.

इंजेक्शनने दुखणं गेलं. पुढे काय करायचं, लगेच धावायचं की थांबायचं, पोटऱ्यांचं काही करायचं का, हे कुणी सांगितलं नाही. काही आठवड्यांनी दुखणं परत आलं, आधीपेक्षा जोरात. परत गेलो तर दुसऱ्या इंजेक्शनची तयारी. नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं की त्या इंजेक्शनचा आराम बहुधा थोड्या काळाचाच असतो, आणि त्याने तो पट्टा तुटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. धोका कमी का असेना, सुई टोचण्याआधी सांगायला काय हरकत होती? अजूनही डोकं तापतं.

आणि ती चोच? ज्यांना आयुष्यात कधी टाच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ती दिसते. उलट, टाच भयंकर दुखते आणि हाड अजिबात वाढलेलं नाही, असेही भरपूर. म्हणजे नुसतं ‘हाड वाढलंय’ हे धावणं बंद करण्याचं कारण होत नाही. हे माझं ठाम मत आहे, आणि त्या दुसऱ्या डॉक्टरांचंही तेच होतं. त्यांनी आधी अंगठ्याने टाच चाचपली, मग माझ्या पायाचा अंगठा वर ओढून पाहिला, मग पोटरी. एक्स-रे शेवटी.

मला कशाने फरक पडला ते सांगतो. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून जिन्याच्या पायरीवर ठेवायची, तिच्यावर पायाची बोटं, टाच हवेत, हाताने कठडा. एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एका दिवसाआड. बारा-बारा वेळा, तीन खेपा. जमायला लागलं की पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक. एका पायावर झेपत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डेन्मार्कमध्ये झालेल्या, २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात या व्यायामाची तुलना नुसत्या ताणाच्या व्यायामाशी केली होती. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे पुढे होते. वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखे. मऊ टाचपट्टी त्या अभ्यासात दोन्ही गटांना होती, तेव्हा तुम्हाला दिलेली फेकू नका. माझा राग पट्टीवर नाही, नुसती पट्टी देऊन हाकलण्यावर आहे.

ताणही करा, पण पहिलं पाऊल टाकायच्या आधी. पलंगावरच पाय मांडीवर घ्या, हाताने बोटं मागे नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने तळव्यात पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. दहा सेकंद, दहा वेळा. मोरीपर्यंतचा प्रवास बराच सुसह्य होतो.

घरात चप्पल घाला. आपल्याकडे घरात चप्पल म्हणजे सासूबाईंच्या भुवया वर, ठाऊक आहे. एक धुतलेला मऊ जोड फक्त घरासाठी ठेवा आणि ओट्यापाशी उभं राहताना तरी घाला. कोटा फरशीवर दोन तास अनवाणी उभं राहून पोळ्या करायच्या आणि मग धावण्याला दोष द्यायचा, हे काही खरं नाही.

रुईचं पान ठेवून गरम विटेचा शेक आमच्याकडेही झाला. बरं वाटतं. मुळातून बरं होतं असं मी म्हणणार नाही. मधुमेह असेल, तळवे बधिर असतील, तर विटेच्या वाटेला जाऊच नका, भाजलेलं कळत नाही.

एक मात्र गंभीरपणे घ्या. दुखणं टाचेऐवजी पावलाच्या मधल्या हाडांवर एकाच बोटभर जागी असेल, धावताना सैल न होता वाढत जात असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल किंवा वर सूज असेल, तर वरचं सगळं विसरा, धावणं आजच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. टाचेच्या हाडातही होते. टाच दोन्ही बाजूंनी हातात दाबल्यावर कळ आली तर तिकडे संशय घ्यायचा. माझ्याबरोबर धावणाऱ्या एकाला ‘एक्स-रे क्लीन आहे, पळा’ म्हणून पाठवलं होतं, एमआरआयमध्ये चीर निघाली.

शर्यतीचं म्हणाल तर माझा हिशोब असा. धावताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल आदल्या दिवसापेक्षा वाईट नको. त्यावरूनच ठरवा. आता दोन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला, कमाटीबागेतल्या सपाट रस्त्यांवर किंवा पोलो ग्राउंडच्या मातीत. बडोद्यात चढ म्हणजे उड्डाणपूल, ते सध्या बाजूला ठेवा, चढावर पोटरी आणि तळवा दोन्ही ओढले जातात. दहा किलोमीटर या वर्षी मला कठीण दिसतंय. छोट्या अंतरात नाव बदलून मिळतं का ते आयोजकांना विचारा, नाहीतर दहा चालत-धावत पूर्ण करा, वेळ बघू नका. या दुखण्याला महिने लागतात, पण बहुतेकांचं सुई-ऑपरेशनाशिवाय बरं होतं. माझी ती चोच अजून जागेवरच असणार, परत एक्स-रे काढायला गेलो नाही.

लिहिताना एक सांगा: टाच दोन्ही बाजूंनी दाबली तर दुखते का, की फक्त खालून आतल्या कडेला? आणि बूट किती जुने आहेत? तुम्ही ‘मुलाचे’ असं काहीतरी लिहिलंय, ते घालून धावताय की काय?