पडदा नवा आला आणि आवाज गेला

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कराडची निवृत्त शिक्षिका. घरी २०१४ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीच्या इंटेल आय-थ्री प्रोसेसरचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ काही आमच्या मशीनवर बसेना, म्हणून पुतण्यानं विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट २२ ही प्रणाली टाकून दिली. छान चाललं होतं. संक्रांतीच्या सुमारास जुना मॉनिटर गेला, नवा आणला. जुन्याला निळ्या टोकाची केबल होती, याला एचडीएमआय. त्या दिवसापासून आवाज बंद. खालच्या कोपऱ्यातला कर्णा शंभर टक्के दाखवतो, चित्र हलतं, पण स्पीकर मुके. स्पीकर मोबाइलला लावले तर खणखणीत वाजतात. पुतण्यानं नेटवरच्या चार-पाच कमांड फोनवरून सांगितल्या, त्या टाकल्या. एका कमांडनंतर ‘एवढं सगळं काढून टाकू का?’ अशी भलीमोठी यादी आली तेव्हा घाबरून मी ‘एन’ दाबलं. दुकानदार म्हणतो, साउंड गेला, मदरबोर्ड बदला. खरंच बदलायचा का?

उत्तर : बाई, तुम्ही ‘एन’ दाबलंत, हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. कमांड कोणती ते तुम्ही कळवलं नाहीत, पण ती यादी मी ओळखतो. आवाजाची सगळी व्यवस्था उपटायची आणि पुन्हा लावायची, असा एक जुना तोडगा नेटवर फिरतो. उपटताना तिच्या मुळांना धरून डेस्कटॉपचे तुकडेही बाहेर येतात. असे दोन-तीन संगणक तरी माझ्या टेबलावर आलेत. आवाज गेला म्हणून सुरुवात, आणि शेवटी काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतोय.

मदरबोर्ड बदलायचा नाही. स्पीकर मोबाइलला लावून बघितलेत तिथेच अर्धं निदान झालं. उरलेलं तुमच्या पत्रातच आहे : मॉनिटर बदलला त्या दिवशी आवाज गेला.

जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल फक्त चित्र न्यायची. आवाजाला वाट एकच होती, कॅबिनेटच्या मागचा हिरवा जॅक. एचडीएमआय चित्राबरोबर आवाजही नेते. जोडल्याबरोबर मॉनिटर संगणकाला आपली कुंडली कळवतो, रुंदी किती, उंची किती, आवाज घेता येतो की नाही. आता गंमत बघा. बऱ्याच मॉनिटरांना स्पीकर नसतात, पण पाठीमागे इअरफोनचं एक भोक असतं. तेवढ्या भोकाच्या जोरावर ते ‘आवाज? द्या की!’ म्हणून मोकळे होतात. संगणक बिचारा विश्वासानं सगळा आवाज तिकडे ओततो. म्हणून कर्णा शंभर टक्के दाखवतो. तो खोटं बोलत नाही, आवाज जातोय, फक्त तुमच्या स्पीकरकडे जात नाहीये.

खात्री करायची तर काही उघडू नका, काही टाइप करू नका. गाणं लावा आणि मोबाइलचे इअरफोन मॉनिटरच्या पाठीमागच्या भोकात घाला. ऐकू आलं तर निदान पक्कं.

मग कोपऱ्यातल्या कर्ण्यावर उजवं क्लिक करून ‘साउंड सेटिंग्ज’ उघडा. ‘आउटपुट’ या टॅबमध्ये उपकरणांची यादी आहे. ‘एचडीएमआय’ निवडलेलं दिसेल, त्याऐवजी ‘लाइन आउट’, म्हणजे मागचा हिरवा जॅक, निवडा आणि खालचं ‘टेस्ट साउंड’ दाबा. डावा-उजवा वेगवेगळा बोलतो.

(मासिक निघेपर्यंत बाईंना मुकं कशाला ठेवायचं, म्हणून एवढं उत्तर मी आधीच टपालानं पाठवलं होतं. त्यावर त्यांचं दुसरं पत्र आलं, ते पहिल्यापेक्षा मजेदार आहे.)

पुन्हा बाई : इअरफोन मॉनिटरमागे घातले आणि काय सांगू, आत अभंग चालूच होता! पंधरा दिवस तो तिथे एकटाच गात असावा. पण पुढचं जमलं नाही. यादीत ‘लाइन आउट’ आहे, ते निवडते, तरी स्पीकर गप्प. आणि यादीत ‘हेडफोन्स’ असंही एक नाव दिसतं. मी हेडफोन लावलेलेच नाहीत. हे कुठून आले?

उत्तर : बाई, तुमच्या डोळ्यांना दाद देतो. ‘हेडफोन्स’ हा शब्द तुम्ही वाचलात आणि लिहून पाठवलात म्हणून हे उत्तर देता येतंय. नाहीतर मला येणारी निम्मी पत्रं ‘आवाज येत नाही, उपाय सुचवा’ इथेच संपतात.

आवाजाचा प्रवास आधी सांगतो, म्हणजे कुठे अडलंय ते कळेल. गाणं वाजवणारा प्रोग्राम आवाज पाइपवायरच्या हवाली करतो. कोणाचा आवाज कुठल्या दारानं सोडायचा हे पाइपवायर बघतं. ते तो अल्साला देतं. अल्सा कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटात राहतं आणि मदरबोर्डवरच्या चिपशी बोलतं. चिप आकड्यांची लहर करते आणि जॅकवर सोडते. आमच्या मिरजेतले तंबोरा जुळवणारे कारागीर तार बोलेना झाली तर भोपळा फोडत नाहीत. घोडी, मणी, खुंटी असं एकेक चाचपत जातात. तसंच इथे.

चिप जिवंत आहे का, हे बघायला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. आमच्या मासिकात रोमन अक्षरं छापत नाहीत, तेव्हा कमांड मी अक्षरं फोडून सांगतो, तुम्ही इंग्रजी बारक्या लिपीत टाइप करा. ए-पी-एल-ए-वाय, एक मोकळी जागा, आडवी रेघ, आणि तिला चिकटून एल. ही कमांड नुसती यादी दाखवते, काही बदलत नाही, तेव्हा निर्धास्त दाबा. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये दोन कार्डं दिसतात, शून्य नंबरला एचडीएमआय आणि एक नंबरला ‘पीसीएच’. पीसीएचच्या ओळीत ‘एएलसी’ आणि पुढे तीन आकडे दिसले की ती तुमची रिअलटेकची चिप. यादीत आली म्हणजे बहुधा ठणठणीत आहे. दुकानदाराला हीच ओळ दाखवा. (यादीत आलीच नसती तर मी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ बंद पडलाय का ते बघायला सांगितलं असतं. मदरबोर्डची गोष्ट त्यानंतर, आणि तेव्हाही शे-दोनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावून काम भागतं.)

आता दुसरी कमांड : ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर. अल्सामिक्सर. टर्मिनलमध्येच उभ्या खांबांचं चित्र येईल. सुरुवातीला बहुधा एकच खांब दिसेल. ‘एवढंच?’ म्हणून निराश होऊन लोक इथूनच परत फिरतात. तो पाइपवायरचा मुखवटा आहे. एफ-सिक्स दाबा आणि यादीतून ‘एचडीए इंटेल पीसीएच’ निवडा. मग खरे खांब रांगेनं उभे राहतील, मास्टर, हेडफोन, फ्रंट वगैरे. खांबाच्या पायाशी दोन शून्यं असतील तर तो चालू, दोन ‘एम’ असतील तर त्याचं तोंड बांधलेलं. बाणांनी त्या खांबावर जा आणि एम दाबा, सुटेल. वरच्या बाणानं उंची वाढवा.

उजवीकडे सरकत गेलात की एका टोकाला ‘ऑटो-म्यूट मोड’ असं सापडेल. तुमचा चोर इथे आहे असा माझा कयास. पुढच्या जॅकमध्ये हेडफोन घातले की मागचे स्पीकर आपोआप गप्प, ही ती सोय. रात्री घरातले झोपल्यावर फार कामाची. जॅकच्या आत एक बारीक पट्टी असते, पिन आत गेली की ती हलते आणि चिपला कळतं. तुमच्या संगणकाची समजूत झाली आहे की पुढे हेडफोन लागलेत. म्हणून यादीत ते नाव, आणि म्हणून मागचा हिरवा जॅक मुका. वरच्या-खालच्या बाणानं ते ‘डिसेबल्ड’ करा, एस्केप दाबून बाहेर या, आणि गाणं लावा.

हे झालं तात्पुरतं. अशी समजूत का झाली ते शोधायला संगणक बंद करा, मोबाइलची बॅटरी लावा आणि कॅबिनेटच्या पुढच्या दोन्ही भोकांत वाकून बघा.

तिसऱ्यांदा बाईंचा फोनच आला. आवाज आला होता. आणि पुढच्या हिरव्या भोकात, अगदी तळाशी, काहीतरी पिवळं चमकत होतं. गेल्या उन्हाळ्यात नातवाचे इअरफोन ओढताना तुटले होते, ते सगळ्यांना आठवत होतं. टोक कुठे गेलं हे कोणीच विचारलं नव्हतं. मग उन्हाळ्यापासून संक्रांतीपर्यंत आवाज कसा येत होता? टोक अर्धवट अडकलं असणार, नवा मॉनिटर लावताना कॅबिनेट ओढलं-ढकललं तेव्हा ते सरकून पट्टीवर टेकलं, असं मला वाटतं. म्हणजे एकाच दिवशी एकाच हातून दोन बिघाड, आणि दोघांचं लक्षण एकच. असे जोडबिघाड मला फार सतावतात. पहिला सुटला तरी आवाज येत नाही आणि माणूस म्हणतो, ‘ते केलं, उपयोग झाला नाही,’ आणि केलेलंही परत उलटं करून ठेवतो. बाईंनी तसं केलं नाही.

ते टोक काढायला गोंद लावलेली काडी घालण्याचा प्रयोग सांगणारे पुष्कळ भेटतील. नको. निम्म्या वेळा काडीही आतच राहते. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडली की पुढच्या जॅकपासून मदरबोर्डपर्यंत गेलेली एक वायर दिसते, शेवटी नऊ पिनांचा काळा चौकोनी कनेक्टर. जिथे तो बसतो तिथे बोर्डवर इंग्रजीत ‘ऑडिओ’ असं काहीतरी छापलेलं असतं. मेनचं बटण बंद, पॉवरची केबल काढलेली, आणि मगच तो कनेक्टर सरळ वर ओढून काढा. पुढचे जॅक कायमचे बंद, मागचे निवांत. बाई पुढचे जॅक वापरतच नाहीत, त्यांनी तसंच केलं आणि ऑटो-म्यूट पुन्हा ‘इनेबल्ड’ करून ठेवलं. ते मी सांगितलेलं नव्हतं. म्हणाल्या, ‘जिथली वस्तू तिथे.’

पुतण्यावर रागावू नका, बाई. त्याची चूक एवढीच की त्यानं सल्ल्याची तारीख बघितली नाही. लिनक्समधल्या आवाजाची घडी तीनदा बदलली आहे. अल्सा कर्नेलमध्ये स्थिरावलं ते २.६ या आवृत्तीपासून, डिसेंबर २००३ मध्ये. त्यावर पल्सऑडिओ आलं, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सनं ते २००८ साली घेतलं, आणि पहिली दोनेक वर्षं आम्हा दुरुस्तीवाल्यांची चांदी झाली, इतकं ते अडायचं. ‘पल्सऑडिओ उपटा’ हा सल्ला त्या काळातला, आणि त्या काळात तो अगदीच मूर्खपणाचा नव्हता. मग विम टायमन्स यांनी सुरू केलेलं पाइपवायर आलं. फेडोरा या आणखी एका लिनक्सनं ते २०२१ मध्ये घेतलं, मिंटनं २०२४ मध्ये, म्हणजे तुमच्या २२ या आवृत्तीत. जुन्या कमांडींना ते पल्सऑडिओच्या नावानं ओ देतं, त्यामुळे जुना सल्ला निम्मा चालतो. पूर्ण न चालणारा बरा, निम्मा चालणारा घात करतो. त्या चार-पाच कमांडींपैकी एखादीनं तुमच्या होम फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणारी ‘ए-साउंड-आरसी’ नावाची फाइल करून ठेवली असण्याची शक्यता आहे. फाइल्सच्या खिडकीत कंट्रोल आणि एच दाबा, लपलेल्या फाइली दिसतील. सापडली तर पुसू नका, नावापुढे ‘जुनी’ जोडून ठेवा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

प्रश्न : एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू आहे. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून उबुंटूत आलो की कधी कधी आवाज नसतो, सकाळी चालू केला की असतो. (इचलकरंजी)

उत्तर : रीस्टार्टमध्ये चिपची वीज जात नाही. विंडोजच्या ड्रायव्हरनं तिला ज्या अवस्थेत सोडलं त्याच अवस्थेत ती उबुंटूच्या हाती येते, आणि काही चिपांना ते उमगत नाही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, रीस्टार्टऐवजी शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद करून वीसेक सेकंद थांबा, मग उबुंटू चालू करा.

प्रश्न : गाणं सुरू होताना स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि पहिला शब्द खाल्ला जातो. स्पीकर बदलून पाहिले. (वाई)

उत्तर : स्पीकरचे पैसे वाया गेले, वाईट वाटलं. थोडा वेळ शांतता गेली की वीज वाचवायला चिप झोपते, आणि पुन्हा जागी होताना ‘टक्’ करते. लॅपटॉपला हे ठीक, टेबलाखालच्या डब्याला काय गरज? इंटेलच्या साउंड ड्रायव्हरचा ‘पॉवर सेव्ह’ हा पर्याय शून्य करायचा असतो. त्याची ओळ रूट, म्हणजे संगणकाचा मुख्य वापरकर्ता, म्हणून ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ या फोल्डरमध्ये लिहावी लागते, आणि एक अंडरस्कोर चुकला तरी ती चालत नाही. स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा पाठवा, हातानं रोमनमध्ये लिहून देतो.