फुटबॉलपटू पारखायचा तर सामने बघावेत की आकडेवारी?

आधी सामना बघा, मग आकडे उघडा. मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्या सर्जिओ बुस्केट्सचंच घ्या. स्पेनकडून 143 सामने, गोल फक्त 2. नुसता तक्ता बघणारा त्याला बाजूलाच काढेल. पण त्याचे जुने सामने नीट बघा: चेंडू पायाशी येण्याआधी तो मान वळवून मागे कोण आहे ते बघून घ्यायचा आणि एका स्पर्शात पास देऊन मोकळा व्हायचा. ती मान गोल आणि असिस्टच्या (गोलसाठी दिलेल्या शेवटच्या पासच्या) रकान्यात कुठे दिसणार?

आकडेही हवेतच. मधल्याच भागात खेळणारा एन्गोलो कान्टे फ्रान्समध्ये खेळत होता, तेव्हा चेंडू हिसकावण्याचे त्याचे आकडे जबरदस्त होते. 2015 मध्ये लेस्टर या इंग्लिश क्लबने त्याला घेतलं आणि 2016 मध्ये प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकली. फक्त निवड करण्याआधी पूर्ण 90 मिनिटं त्या एकाच खेळाडूवर नजर ठेवा, चेंडू कुठेही असो.