हबशी ‘राहतो’, जर्मन ‘राहत होते’

बडोद्याच्या फतेगंजातल्या एका ताईंनी विचारलं आहे: “आमच्या वरच्या खोलीत युनिव्हर्सिटीत शिकणारा एक हबशी मुलगा राहतो. त्याच्या आधी एक जर्मन विद्यार्थी राहत होते. हा हबशी असला तरी अगदी स्वच्छ आहे, भाडंही वेळेवर देतो. परवा नात म्हणाली, आजी, हबशी म्हणू नकोस, तो रेसिझम होतो. हा शब्द तर आम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचला. उद्या काळाबाजार म्हणायचीही चोरी होईल. रेघ ओढायची तरी कुठे?”

ताई, काळाबाजार खुशाल म्हणा. तो आणि ‘काळी यादी’ हे दोन्ही शब्द इंग्रजीवरून बेतलेले आहेत, आणि त्यांतला काळा रंग अंधाराचा, लपवाछपवीचा आहे. कुणाच्या कातडीशी त्याचं देणंघेणं नाही. मराठीत काळ्याचा मान तसाही मोठा. पीक येतं ती जमीन काळी, गाव वसतं ती पांढरी, आणि आई म्हणतो ती काळीला. विठोबा सावळा. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचं आणखी गमतीचं आहे. द्वारकेच्या कृष्णाला ते लाडाने ‘काळियो ठाकर’ म्हणतात, आणि आफ्रिकेतला एखादा विद्यार्थी समोरून गेला की हाच ‘काळियो’ त्याच्या पाठीवर फेकला जातो. अक्षर न अक्षर तेच. वाईट शब्दांच्या याद्या करणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता हबशी. आजच्या इथिओपियाच्या बाजूच्या मुलखाला अरबीत ‘हबश’ म्हणतात, तिथला तो हबशी. मलिक अंबर हबशी होता. गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकून 1626 मध्ये वारला. जंजिऱ्याच्या मुलखाला जुन्या मराठी कागदांत ‘हबसाण’ म्हटलेलं सापडतं. अहमदाबादेत ज्या दगडी जाळीपुढे उभं राहून आपण सगळ्यांनी फोटो काढले आहेत, ती 1573 ची मशीद बांधणारा सीदी सय्यदही हबशीच. ‘सीदी’ किंवा ‘सिद्दी’ हा शब्द ‘सय्यिदी’वरून, म्हणजे ‘माझे धनी’, असं बरेच जण मानतात. आणि इथिओपिया-एरिट्रियातले कितीतरी लोक आजही स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. थोडक्यात, व्युत्पत्तीच्या कोर्टात हबशी निर्दोष सुटतो.

पण त्या कोर्टात ‘काफिर’ही सुटतो! मुळात त्याचा अर्थ श्रद्धा न ठेवणारा एवढाच. अरब व्यापाऱ्यांनी तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना लावला, त्यांच्याकडून पोर्तुगीजांनी उचलला आणि गोऱ्यांच्या राज्यात दक्षिण आफ्रिकेत त्याची जहरी शिवी झाली. 2016 मध्ये तिथे एका बाईंनी काळ्या पोलिसांवर हा शब्द 48 वेळा फेकला, म्हणून 2018 मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. गांधीजींच्या तिथल्या सुरुवातीच्या लिखाणातही तो आहे, आणि घाना विद्यापीठातला त्यांचा पुतळा डिसेंबर 2018 मध्ये हलवला गेला तो याच लिखाणावरून झालेल्या तक्रारींनंतर. तेव्हा शब्दाचं कूळ विचारून फार हाती लागत नाही. तो कुणाच्या तोंडून निघून कुणाच्या अंगावर पडत आला, हे विचारावं.

‘हबशी’चंही आपल्याकडे तेच झालं. पुस्तकातला मलिक अंबर पुस्तकात राहिला आणि बोलण्यात उरला तो ‘हबशासारखा काळाकभिन्न’. शिवाय तुमचे भाडेकरू कुठल्या देशाचे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नायजेरियाचे किंवा मालावीचे असतील, तर हबशी हा शब्द अपमानाच्या आधी भूगोलातच नापास होतो. कोल्हापूरच्या माणसाला कुणी बंगाली म्हटलं तर आपण केवढे वैतागू! (बंगाली म्हणण्यावरून आठवलं: अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर गेल्या. तेव्हापासून तिथे मुलांना झोपवायला ‘बर्गी’ येतील अशी भीती घालतात. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. दुसऱ्याच्या भाषेतला बागुलबुवा होणं म्हणजे काय, हे आपल्याला अगदीच परकं नाही.)

पण खरं सांगू? तुमच्या पत्रात मला ‘हबशी’पेक्षा क्रियापद जास्त खटकलं. जर्मन विद्यार्थी ‘राहत होते’ आणि हा ‘राहतो’. जर्मन वयाने बरेच मोठे असतील तर माझा आरोप मागे. पण तसं नसेल, तर नात ज्याला रेसिझम म्हणते आहे तो त्या ‘तो’मध्ये आणि ‘ते’मध्ये शिरलेला आहे. इंग्रजीत दोघांनाही एकच सर्वनाम पुरतं. मराठीत मात्र प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं, समोरच्याला अहो म्हणायचं की अरे, आणि ते आपण इतक्या झटकन ठरवतो की ठरवलेलं आपल्यालाच कळत नाही. त्यात आपल्याकडे नपुंसकलिंग आहे. ‘कार्टं’ लाडाने म्हणता येतं, पण ‘ते बघ, काळं चाललंय’ या वाक्यात माणसाची वस्तू झालेली असते. त्यात कोशातला एकही वाईट शब्द नाही.

आणि दुसरं ते ‘असला तरी’. माझी रेघ मी इथे ओढतो. स्थळं बघणाऱ्या घरांत ‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ‘मारवाडी असून हात सढळ’, ‘आदिवासी असून किती शुद्ध बोलते’. बोलणारा बिचारा कौतुकच करत असतो! पण ‘तरी’ आणि ‘असून’ ही अव्ययं आधीच एक निकाल देऊन बसलेली असतात. तुमच्या वाक्यात हबशीच्या जागी आफ्रिकन घालून बघा: ‘आफ्रिकन असला तरी अगदी स्वच्छ आहे.’ नातीची हरकत मिटली, वाक्य होतं तिथेच राहिलं. आता ‘तरी’ काढा: ‘इथिओपियाचे आहेत, स्वच्छ राहतात, भाडं वेळेवर देतात.’ यात आक्षेप घेण्यासारखं काय उरलं?

आपल्या गावात खोली आणि भाडं यांचा विषय निघाला की मला 1917 साल आठवतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर संस्थानच्या नोकरीत होते. त्यांना पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं, आणि ओळख फुटल्यावर तिथूनही घालवून दिलं गेलं. रंगाचा तिथे संबंध नव्हता. ‘आमच्यात’ आणि ‘तुमच्यात’ हे शब्द मराठीत आजही जात न विचारता जात विचारतात, आणि ‘आपल्यातले नाहीत’ एवढ्यावर कितीतरी खोल्या नाकारल्या जातात. म्हणून ‘वर्णद्वेष’ हा मराठी प्रतिशब्द मला नेमका वाटतो. त्यातल्या ‘वर्णा’त रंग आणि चातुर्वर्ण्य दोन्ही येतात. नातीला रेसिझमसाठी मराठी शब्द हवा असेल तर हाच द्या. ‘वंशवाद’ बडोद्यात तरी वापरू नका, गुजराती पेपर वाचणाऱ्याला तो घराणेशाहीवरचा अग्रलेख वाटेल.

हे लिहिताना तुमच्या भाडेकरूंसाठी माझ्याही हातून दोनदा ‘तो’ लिहिला गेला, खोडून ‘ते’ केलं. त्यांचा देश विचारून घ्या, नावही. तुमच्या पत्रात जर्मनांचं नावही नाही. तेवढ्यापुरतं दोघांना तुम्ही सारखंच वागवलंत.