मशीनच क्रिस्टलची रचना काढून देतं, तर क्रिस्टलोग्राफीत संशोधनाला उरलंय काय?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी झाली आहे, असेंद्रिय रसायनशास्त्र आवडतं, तर क्रिस्टलोग्राफी (क्रिस्टलमधली अणूंची मांडणी शोधण्याचं शास्त्र) आणि मटेरियल्स सायन्समध्ये पीएचडी करावी का. तुमची शंका अशी की डिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्रिस्टलवर क्ष-किरण सोडून ते कसे विखुरतात हे मोजणाऱ्या यंत्रावर, क्रिस्टल लावला की संध्याकाळपर्यंत सॉफ्टवेअर रचना हातात देतं, मग माणसाला काम काय? मी रसायनशास्त्रातूनच इकडे आले आणि वीसेक वर्षं इथेच रमले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे. पूर्वी हे काम फार संथ होतं. ब्रिटिश क्रिस्टलोग्राफर डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या क्रिस्टलचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र 1935 मध्ये घेतलं आणि रचना हाती आली 1969 मध्ये. डिटेक्टरवर प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजता येते, पण त्या लहरीची फेज (तिचे चढउतार नेमके कुठे येतात ते) हरवते, आणि फेजशिवाय अणूंच्या जागा काढता येत नाहीत. लहान रेणूंपुरतं हे कोडं हाउप्टमन आणि कार्ल यांनी गणिताने सोडवलं, त्याबद्दल त्यांना 1985 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ते गणित सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. दोनशे मायक्रॉनचा स्वच्छ, चकचकीत क्रिस्टल असेल तर मलाही जेवणाच्या सुट्टीआधी रचना दिसते. तेवढ्यासाठी पीएचडी करू नका.

पण सॉफ्टवेअर रचना देतं ती तुम्ही लूपवर (बारीक फासावर) उचललेल्या त्या एका क्रिस्टलची. बाटलीत उरलेल्या बाकीच्या मालाबद्दल ते काहीच सांगत नाही. हे मला कळायला पीएचडीची जवळजवळ दोन वर्षं गेली.

तेव्हा मी जस्त आणि एका सेंद्रिय आम्लापासून सच्छिद्र जाळ्या बनवत होते. धातूचे आयन खांबांच्या सांध्यांसारखे, सेंद्रिय रेणू खांबांसारखे, आणि मधे वायू मावेल अशी पोकळी. या पदार्थांना एमओएफ म्हणतात, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना 2025 चं नोबेल याच कामासाठी मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली मी सगळ्यात मोठा, सगळ्यात पारदर्शक क्रिस्टल शोधला. रचना सुंदर निघाली: आर-फॅक्टर, म्हणजे रचना आणि मोजमाप यांतली तफावत, चार टक्क्यांच्या आत, पोकळ्या प्रशस्त. मग 77 केल्विनला नायट्रोजन शोषून पाहिला, तर हिशोबाने जेवढा मावायला हवा त्याच्या निम्माही मावेना. मी धरून चालले की आत सॉल्व्हंट अडकलाय. सॉल्व्हंट बदलले, निर्वातात तापवून पाहिलं, तापवायचा वेळ वाढवला. असे कित्येक महिने गेले. शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी एका बैठकीत साधा प्रश्न विचारला: "उरलेल्या मालाचा पावडर पॅटर्न काढलास का?" म्हणजे एका क्रिस्टलऐवजी सगळ्या मालाची भुकटी क्ष-किरणांत ठेवून मिळणारा रेषांचा आलेख.

काढला नव्हता. काढला तेव्हा माझ्या रचनेवरून गणित केलेल्या पॅटर्नमध्ये नसलेल्या रेषा त्यात सरळ दिसत होत्या, आणि त्याच जास्त ठळक होत्या. भांड्यातला बहुतेक माल वेगळ्याच रचनेचा होता: एका जाळीच्या पोकळीत दुसरी तशीच जाळी गुंतून वाढलेली, त्यामुळे जागा भरून गेलेली. सावकाश वाढलेले मोजके मोठे क्रिस्टल मोकळ्या जाळीचे, आणि भरभर पडलेला बारीक माल गुंतलेल्या जाळीचा. मी नेमका अपवाद निवडला होता, आणि तो दिसायला देखणा होता म्हणूनच निवडला होता. मिश्रण पातळ करून, तापमान कमी ठेवून नंतर मोकळी जाळी शुद्ध मिळवता आली. माझ्या लेखी मी क्रिस्टलोग्राफर त्या पावडर पॅटर्नपाशी झाले, त्या देखण्या रचनेपाशी नव्हे.

हा धडा फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध 1996 मध्ये बाजारात आलं. त्याचं एकच क्रिस्टलरूप माहीत होतं. 1998 मध्ये कॅप्सूलमध्ये दुसरं रूप अवतरलं. रेणू तोच, पण वळण वेगळं आणि एकमेकांत बसण्याची पद्धत वेगळी. हे रूप जास्त स्थिर, म्हणून कितीतरी कमी विरघळणारं. त्याचं बीज, म्हणजे सूक्ष्म कण, जिथे पोचलं तिथे जुनं रूप बनवणंच अवघड होऊन बसलं. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या, औषध नव्या स्वरूपात आणावं लागलं, आणि मधल्या काळात रुग्णांची ओढाताण झाली. रेणूचं सूत्र पाहून यातलं काहीच सांगता आलं नसतं. एकाच रेणूची अशी वेगवेगळी क्रिस्टलरूपं शोधणं हे आज औषधक्षेत्रात पूर्ण वेळेचं काम आहे, आणि ते करणारे बहुतेक मूळचे रसायनशास्त्रज्ञ असतात.

मी स्वतः आता बॅटरीच्या ऑक्साइडांवर काम करते. लिथियम आणि निकेलचे थर एकाआड एक रचलेले असतात, पण निकेलच्या Ni²⁺ आयनाचा आकार लिथियमच्या आयनाजवळ जाणारा, त्यामुळे काही निकेल चुकून लिथियमच्या थरात जाऊन बसतं आणि लिथियमची वाट अडवतं. शेकड्याला दोन-तीन जागा अशा चुकल्या तरी बॅटरीत फरक पडतो. आता हे मोजायचं कसं? क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात. निकेलकडे 28, लिथियमकडे फक्त 3, म्हणजे लिथियम जवळजवळ अदृश्य. न्यूट्रॉनचं तसं नाही, ते अणुकेंद्रकावरून विखुरतात, आणि निकेल व लिथियम यांच्यासाठी त्या विखुरण्याचं चिन्हच उलट असतं: एक धन, एक ऋण. त्यामुळे जागांची अदलाबदल लगेच डोळ्यांत भरते. दोन्ही मोजमापं एकत्र धरून, रिटवेल्ड यांनी 1960 च्या दशकात काढलेल्या पद्धतीने पूर्ण पॅटर्न जुळवायचा. पहिल्यांदा हे जमलं त्या रात्री मी आकडे तीनदा तपासले, आणि पहाटे घरी जाताना झोप म्हणून आली नव्हती.

इथेही तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. एक दशांश मिलिमीटर बाजूच्या क्रिस्टलमध्ये, एकक पेशी (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात छोटा ठोकळा) एक नॅनोमीटरची धरली तर, एकावर पंधरा शून्यं इतक्या पेशी असतात. ब्रॅगच्या रेषा, म्हणजे पॅटर्नमधल्या ठळक रेषा, सांगतात ती या सगळ्यांची सरासरी. "या जागी 97 टक्के लिथियम" असं लिहिलं म्हणजे कुठल्याही एका जागी 97 टक्के लिथियम नसतं. तिथे एकतर लिथियम आहे किंवा नाही. चुकलेले अणू विखुरलेत की घोळक्याने बसलेत, हे ब्रॅगच्या रेषांमध्ये नसतं. ते रेषांमधल्या अंधूक पार्श्वभूमीत असतं, जी पूर्वी सर्रास वजा करून टाकली जायची. मला वाटतं, पुढच्या पिढीला सगळ्यात सकस काम तिथे आहे.

आणि यंत्रं? 2023 मध्ये एका स्वयंचलित प्रयोगशाळेने 17 दिवसांत 41 नवी संयुगं बनवल्याचं जाहीर केलं. नमुने रोबोटने भाजले, पॅटर्न संगणकाने जुळवले. जाणकारांनी ते पॅटर्न उघडून पाहिले तेव्हा आक्षेप आला की अनेक ठिकाणी जुळणी कच्ची आहे, आणि अणू नीटनेटक्या क्रमाने बसलेत असं गृहीत धरल्यामुळे, अव्यवस्थित मांडणीची आधीच माहीत असलेली संयुगं नवी म्हणून मोजली गेली. रोबोटचं मला कौतुकच आहे, भाजण्या-दळण्याचं काम त्याने जरूर करावं. पण समोरचा माल खरोखर काय आहे हा निवाडा तिथे अडला, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

तेव्हा हो, या. पण काही गोष्टींची तयारी ठेवा. बराचसा वेळ क्रिस्टल न येण्यात जातो. सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) किंवा न्यूट्रॉनच्या केंद्रावर वेळ मिळण्यासाठी अर्ज करायचे, नाकारले गेले तर पुन्हा करायचे, आणि वेळ मिळाला की दोन-तीन रात्री सलग जागायचं. कायमची नोकरी मिळेपर्यंतची वर्षं अनिश्चित असतात, हे मी लपवणार नाही. सममिती मात्र हाताने शिका. 230 स्पेस ग्रुपपैकी (क्रिस्टलमधल्या सममितीच्या शक्य प्रकारांपैकी) पाच-सहा तरी कागदावर स्वतः काढून बघा, कारण चुकीचा स्पेस ग्रुप निवडला तरी सॉफ्टवेअर बऱ्याचदा निमूटपणे रचना देतं. ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक वापरायला शिका. क्रिस्टल फिरवताना तो एकदम काळा होत नसेल तर तो जुळा, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वाढलेले दोन क्रिस्टल एकत्र जोडलेला, असण्याची शक्यता दहा मिनिटांत कळते. चेकसिफ या रचना तपासणाऱ्या प्रोग्रॅममधले ए दर्जाचे, म्हणजे सगळ्यात गंभीर, इशारे कसे दडपायचे हे शिकवणारे भेटतील. तुम्ही ते इशारे कुठून आले ते शोधा.

प्रयोगशाळा निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या अलीकडच्या एखाद्या पदार्थाचा, सगळ्या मालाचा पावडर पॅटर्न दाखवायला सांगा, रचनेवरून काढलेल्या पॅटर्नच्या शेजारी ठेवून. जिथे तो लगेच उघडून दाखवतात, आणि न जुळणाऱ्या रेषेवर बोट ठेवून "ही अजून कळलेली नाही" असं स्वतःहून सांगतात, तिथे अर्ज करा.