वंचित तरुणांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेने निधीसाठी अर्ज कसा लिहावा?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुम्ही शाळा सुटलेल्या मुलामुलींसोबत काम करता, संस्थेत तीन पूर्णवेळ कार्यकर्ते आहेत, आणि दोन अर्ज एका ओळीच्या नकारासह परत आले. अशा संस्थांचे अर्ज भाषेमुळे क्वचितच पडतात. वर्णनात एक काम असतं आणि अंदाजपत्रकात दुसरंच, म्हणून पडतात. तपासणारा माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो. पाठवण्याआधी तुम्हीही तसंच वाचा.

उदाहरण घेऊ. १६ ते २१ वयाचे ४० जण, २० जणांचे दोन गट, आठवड्याला दोन सत्रं, प्रत्येक सत्र दोन तासांचं, ३६ आठवडे. एका गटाची ७२ सत्रं, दोन्हींची मिळून १४४, म्हणजे २८८ तास. सत्राच्या प्रत्येक तासामागे तयारी, हजेरी आणि नोंदींचा निदान एक तास धरला की ५७६. प्रत्येकाच्या घरी महिन्यातून एकदा तासभर जायचं, तर नऊ महिन्यांत आणखी ३६०. एकूण ९३६ तास. आठवड्याला ३५ तासांप्रमाणे एका पूर्णवेळ माणसाचे ३६ आठवड्यांत १२६० तास होतात, आणि रजा, बैठका वजा केल्या की १२०० सुद्धा हाती उरत नाहीत. म्हणजे या कामाला पाऊण माणसाहून थोडं जास्तच लागतं.

आता अंदाजपत्रकात ‘समन्वयकाचा २५ टक्के पगार’ असं असेल, तर त्याचे दोनच अर्थ निघतात: घरभेटी होणार नाहीत, किंवा कोणीतरी फुकट राबणार आहे. रक्कम कमी दिसावी म्हणून पगार कापणं ही लहान संस्थांना सगळ्यात महाग पडणारी सवय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे कमीच मिळणार असतील तर ४० ऐवजी २० जण घ्या, एकच गट चालवा. घरभेटींना मात्र हात लावू नका. मूल यायचं का थांबलं हे घरी गेल्यावरच कळतं, आणि गळती तिथेच रोखता येते.

भाडं, वीज, फोन, हिशेबनीस, लेखापरीक्षण हे सगळं ‘इतर खर्च १० टक्के’ अशा एका ओळीत कोंबू नका. तुमच्या तीन माणसांपैकी पाऊण माणूस या प्रकल्पावर आहे, तेव्हा या खर्चांचा साधारण एक चतुर्थांश वाटा प्रकल्पाचा. हे गणित अंदाजपत्रकाखाली एका वाक्यात लिहून टाका, मग शंका उरत नाही. निधी देणाऱ्यांनी प्रशासकीय खर्चावर मर्यादा घातली असेल, तर उरलेला वाटा कुठून भागवणार तेही दाखवा. एकच पगार दोन ठिकाणी पूर्ण मागितलेला दिसला तर विश्वास उडतो. म्हणून मंजूर झालेले, मागितलेले आणि स्वतःचे असे पैशांचे तीन वेगळे रकाने ठेवा. मुलांचं प्रवासभाडं आणि विमा बहुतेक जण विसरतात.

परिणामांचा रकाना हा दुसरा मोठा अडथळा. ‘सक्षमीकरण होईल’, ‘आत्मविश्वास वाढेल’ ही वाक्यं कोणालाच तपासता येत नाहीत. तुम्ही काय करणार (१४४ सत्रं), किती जण टिकतील (४० नोंदणी, २८ जण पूर्ण करतील) आणि त्यांच्या आयुष्यात काय बदलेल (सहा महिन्यांनी २८ पैकी १६ जण शिक्षणात, प्रशिक्षणात किंवा पगारी कामावर असतील) हे वेगळं लिहा. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या मागच्या हजेरीपटातून काढा. ४० पैकी ४० जण यशस्वी होतील यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘पूर्ण केलं’ म्हणजे काय तेही सांगा, उदाहरणार्थ ७२ पैकी किमान ५४ सत्रांना हजेरी. सुरुवातीची स्थिती पहिल्या दोन आठवड्यांतच नोंदवा, कारण शेवटी तुलनेला काहीच नसेल तर चांगलं झालेलं कामही सिद्ध करता येत नाही.

इथे एक सापळा आहे. प्रकल्प नऊ महिन्यांचा आणि मोजमाप त्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे पंधराव्या महिन्यात. तोवर करार संपलेला असतो, पैसे संपलेले असतात आणि निम्म्या मुलांचे फोन नंबर बदललेले असतात. तेव्हा एकतर १५ महिन्यांचा करार मागा आणि पाठपुराव्याचे तास अंदाजपत्रकात धरा, नाहीतर मोजमाप कार्यक्रमाच्या शेवटच्या आठवड्यावर आणा. नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाकडून घरातल्या किंवा ओळखीतल्या आणखी एका व्यक्तीचा नंबर घेऊन ठेवा.

गरज मांडताना देशभराच्या बेरोजगारीचे आकडे एका ओळीत आटपा. तुमच्याकडे गेल्या वर्षी किती जण आले, किती मध्येच गेले, का गेले, किती जण थांबून आहेत, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. जागा त्यासाठी वापरा. मुलांच्या सांगण्यावरून आराखड्यात काय बदललं तेही लिहा, जसं कामावर जाणाऱ्यांसाठी सत्राची वेळ संध्याकाळी नेली. एखाद्या मुलीची हलाखी नाव-फोटोसह छापून सहानुभूती मिळवू नका. ते तिच्यावर अन्यायकारक आहे आणि आता अनेक निधी देणाऱ्यांनाही ते खटकतं.

सुरक्षेचं धोरण जोडलं नाही तर पुढचं काही वाचलंच जाणार नाही असं समजा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात साधारणपणे १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, तर त्यांच्याच आकडेवारीत युवा म्हणजे १५ ते २४. तुमचा १६ ते २१ चा गट दोन्हींत पसरतो. म्हणून १८ खालच्यांसाठी पालकांची संमती, मोठ्यांसाठी स्वतःची; कोणत्याही कार्यकर्त्याने बंद खोलीत एकट्या मुलासोबत न बसणं; फोटोंसाठी स्वतंत्र परवानगी; आणि तक्रार थेट विश्वस्तांपर्यंत नेण्याचा मार्ग, हे सगळं त्यात हवं. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच जात असेल तर त्या धोरणाचा उपयोग नाही.

विश्वस्त मंडळात एकाच घरातले दोघे असतील आणि बँकेत सह्याही त्यांच्याच असतील, तर अर्जाआधी ते बदला. गंगाजळी, म्हणजे राखीव शिल्लक, शून्य असली की निधी देणाऱ्यांना भीती वाटते. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी असेल तर कोणी आक्षेप घेत नाही.

पाठवायचं कुठे, हे खरं तर लिहायला बसण्याआधी ठरवायचं. निधी देणाऱ्या संस्थेने मागच्या दोन वर्षांत कोणाला, किती आणि कशासाठी दिलं ती यादी काढा. तुमच्याएवढ्या संस्थेला त्यांनी कधीच दिलं नसेल, तर निकष काहीही म्हणोत, सहा आठवडे वाया घालवू नका. तुमच्या वार्षिक उलाढालीच्या एक तृतीयांशाहून मोठी रक्कम मागणं मी टाळायला सांगेन, कारण एवढा पैसा सांभाळाल का हा प्रश्न लगेच उठतो. मग फोन करा आणि नेमकं विचारा: आमचा वयोगट चालतो का, पगाराला पैसे देता का, शेवटचा हप्ता अहवालानंतर देता का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल, तर शेवटच्या दोन महिन्यांचे पगार कुठून देणार ते आधी बघावं लागेल.

अर्ज ऑनलाइन आणि मराठीत असेल तर अक्षरमर्यादा जपून बघा. संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द दहा अक्षरांत जातो. मजकूर आधी दुसरीकडे लिहून तिथेच मोजून घ्या, नाहीतर उत्तर मध्येच तुटतं आणि कधीकधी तुम्हाला ते दिसतही नाही.

नकार आलेल्या दोन्ही ठिकाणी आठवडाभरात लिहून कारण विचारा: निकषांत बसलो नाही, की बसलो पण गुण कमी पडले? पहिलं असेल तर तिथे पुन्हा जाऊ नका. दुसरं असेल, तर पुढची फेरी कधी आहे ते त्याच पत्रात विचारा.