आजी एकाच आठवड्यात दोन्ही बोलली

लाडक्या ज्ञानदा,

गुरुवारी गाडीत तू विचारलंस, "आजीचं नक्की म्हणणं काय आहे?" मी बर्फातून गाडी काढत होते. घरी गेल्यावर सांगते म्हणाले आणि विसरले. म्हणून आता लिहिते. अडलीस तर बाबांना विचार.

तक्रार तुझी रास्त आहे. रविवारी तू आजीला सांगितलंस की पोहण्याच्या टीममध्ये तुझी निवड झाली, आणि बाकीच्या मुलींना तर धड सूरही मारता येत नाही. आजी म्हणाली, "लई ताठा बरा नाय, माय." बुधवारी तू सांगितलंस की शाळेत सगळे तुला 'डाना' म्हणतात आणि तुला चालतं. तर तीच आजी म्हणाली, "कामून? नाव नीट सांगावं की! माणसाला स्वाभिमान पाहिजे."

तुझ्या शाळेत दोन्हीकडे 'प्राउड' एवढा एकच शब्द पुरतो. आजीकडे उतरंड आहे: अभिमान, स्वाभिमान, ताठा, गर्व, गुर्मी, मिजास, माज. माज तर बैलाला येतो, बसून खाल्लं की. खालची दोन मडकी चांगली, वरची सगळी नाहीत. पण कुठलं कुठं संपतं, हे तिलाही शब्दांत सांगता येणार नाही. ती गोष्ट सांगेल. मीही तेच करते.

आपल्या गावापासून तेर जवळ आहे. तिथे गोरोबाकाकांच्या देवळात आपण गेलो होतो, तुझी एक चप्पल हरवली तिथेच. गोरोबा कुंभार होते. त्यांच्या घरी एकदा सगळे संत जमले. मुक्ताबाईला कोपऱ्यात थापटणं दिसलं. हे कशाला? मडकं कच्चं की भाजलेलं ते कळायला. मग आम्हालाही तपासा की, ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. नामदेव तडक पंढरपूरला विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. विठ्ठलाने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडलं, गुरू करायला.

तू म्हणशील, न विचारता कोणाच्या डोक्यात मारणं चूकच. मलाही लहानपणी नामदेवांचीच बाजू पटायची, आणि थोडी अजूनही पटते. "का मारता?" असं ते म्हणाले असते तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. पण त्यांना लागलं ते वेगळं होतं. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातचं जेवतो, आणि मला मारता? मला?

आता आबांचं ऐक. १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, रानात काही उगवलं नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली. आबा खडी फोडायला गेले. आजी नवी सून होती, ती डोक्यावर टोपली घेऊन गेली. बारा एकरांचा मालक रस्त्यावर खडी फोडतो म्हणून पाहुण्यांनी नावं ठेवली. आबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि हातोडा उचलला. एक दिवस मुकादम म्हणाला, मालक, थोरल्या भावाचं नाव हजेरीला लावून टाकतो, अर्धे पैसे तुमचे, अर्धे माझे. आबा म्हणाले, "जो येत नाही, त्याचं नाव लावू नका." खडी फोडण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, यात वाटला.

गावात मोठ्या वाड्यातलं एक घर होतं. त्यातला एकही माणूस कामावर आला नाही, लोक बघतील म्हणून. पण दिवस मावळला की त्या घरची बाई पदराखाली पायली झाकून आमच्या दारी यायची, ज्वारी उसनी न्यायला. आमच्याकडे तरी काय होतं, रेशनची लाल मिलो. आजी त्यातलीच मापटंभर द्यायची. त्या बाईचं नाव मात्र ती आजही सांगत नाही.

म्हणून ज्ञानदा, सूर न येणाऱ्या मुलींना मध्ये न आणता निवडीचं सांगितलं असतंस, तर आजीने साखर वाटली असती. आणि तुझं नाव नीट सांगितल्याने वर्गात कोणाचंच नाव लहान होत नाही. 'ज्ञ' जमला नाही तर त्यांना दोनदा सांग. आमच्या ऑफिसात अजून जमलेला नाही, पण ते प्रयत्न करतात.

माझं विचारशील तर या देशात आल्यावर पहिले आठ महिने मी एका दुकानात गल्ल्यावर उभी होते. अंगात हिरवा एप्रन, पदवी इंजिनिअरिंगची. रोज पंधरा मिनिटं जास्त थांबवायचे आणि पैसे द्यायचे नाहीत. ते मी भांडून घेतले. पण घरी फोनवर सांगत राहिले, "ऑफिसचं काम आहे." एप्रनमधला एक फोटो आहे, बाबांनी काढलेला. आजीने तो अजून पाहिलेला नाही.

रविवारी तू फोन लावशील तेव्हा मला हाक मार. फोटो काढून ठेवलाय.

तुझी,
आई