किसुमूत चार महिने, महिना वीस हजारांत

प्रश्न : मुलीला केनियातल्या किसुमूत एका संस्थेत चार महिने स्वयंसेवक म्हणून जायचंय. खोली संस्थेची, बाकी खर्च आमचा. महिना वीस हजारांवर आमची झेप नाही. ती शाकाहारी आहे. भागेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भागेल. रुपयाला साधारण दीड शिलिंग धरा, म्हणजे हातात 30,000 शिलिंग येतात. त्यातले 6,000 वीज, पाणी, फोन आणि औषधांसाठी आधीच बाजूला काढा. उरलेले आठवड्याला 6,000 या हिशेबानं खर्चावेत.

जेवणाची काळजी सोडा. रस्त्याकडेच्या खानावळीत, म्हणजे 'किबांडा'त, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा), सुकुमा विकीची पालेभाजी, राजम्यासारखी उसळ आणि चपाती मिळते. 'एन्देंगू' मागितलं की मुगाची आमटी येते. सांगताना 'बिला न्यामा', म्हणजे मांसाशिवाय, असं म्हणावं. उसळीत मटणाचा रस्सा घातलाय का, हेही विचारून घ्यावं. घरी करायचं तर नाचणीचं पीठ 'विंबी' नावानं सहज मिळतं. एकट्या माणसाला सहा किलोची गॅसची टाकी पुरते. तिच्यावरच बर्नर बसतो, वेगळी शेगडी लागत नाही. पहिल्यांदा रिकाम्या टाकीचे पैसे जास्त जातात, म्हणून निघणाऱ्या स्वयंसेवकाकडून जुनी घ्यावी आणि परतताना विकून टाकावी.

पैसा गळतो तो प्रवासात. समजा खोली कामापासून लांब आहे आणि बोडाबोडाची (मोटारसायकल टॅक्सीची) एका बाजूची फेरी 100 शिलिंगांना ठरली, तर जाऊन-येऊन महिन्याच्या 26 दिवसांचे 5,200 झाले, म्हणजे जवळजवळ आठवड्याभराचा खर्च. पाऊस आला की भाडं वाढतं, आणि बसण्याआधी ठरवलं नाही तर उतरताना वाद होतो. म्हणून संस्थेला आत्ताच दोन गोष्टी विचारा : खोली चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, आणि विजेचा मीटर स्वतंत्र आहे का? तिथं वीज आधी पैसे भरून घेतात. वीस आकडी टोकन मीटरमध्ये घालायचं असतं. मीटर सामाईक असेल तर कुणी किती भरायचं यावरून भांडणं होतात. नळ आटला की पाणी वीस लिटरच्या कॅनच्या हिशेबानं विकत घ्यावं लागतं, तेही धरून चाला.

तिसरा प्रश्न परवान्याचा, आणि तोही लेखी विचारा. पर्यटक म्हणून मिळणाऱ्या ई-टीएवर (ऑनलाइन प्रवेश-मंजुरीवर) कामाची मुभा नसते, बिनपगारी असलं तरी. धर्मादाय कामाचा वेगळा परवाना आहे. त्याचं शुल्क कुणी भरायचं, हे ठरल्याशिवाय तिकीट काढू नका.

प्रश्न : पैसे रोख न्यावेत की कार्डावर? – वाचक, होटगी रोड

उत्तर : दोन्ही. डॉलरच्या नोटा नव्या आणि 50 किंवा 100 च्या घ्या. जुन्या, चुरगळलेल्या किंवा छोट्या नोटांना भाव कमी मिळतो, काही ठिकाणी घेतही नाहीत. एटीएममधून दर आठवड्याला थोडे थोडे काढू नका, कारण आपल्या बँकेचं आणि तिथल्या बँकेचं अशी दोन शुल्कं प्रत्येक वेळी कापली जातात. मशीननं 'रुपयांत आकारू का' असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर महाग असतो.

रोजचे व्यवहार एम-पेसावर, म्हणजे तिथल्या मोबाइलवरच्या पैशांच्या सेवेवर. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्यायचं, एजंटकडे रोख भरायची. भरायला शुल्क नाही, काढायला आहे. सध्याच्या दरपत्रकात 200 काढले तरी 29 शिलिंग आणि 2,500 काढले तरी 29. त्यामुळे 200-200 काढणारा निष्कारण पैसे घालवतो. दुकानात टिल नंबर (दुकानाचा एम-पेसा क्रमांक) असेल तर थेट त्यावर भरा, ग्राहकाला काही पडत नाही.

प्रश्न : जाण्यापूर्वी इथून काय न्यावं, काय करावं? – वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या, आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. लस केंद्राची वेळ आधी घ्या, म्हणजे दोन खेपा होणार नाहीत. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी, मलेरियाच्या पट्ट्यात आहे. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं, तर ते एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत रोज घ्यावं लागतं, म्हणजे चार महिन्यांना साधारण 150 गोळ्या. त्या चिठ्ठीसह इथूनच घ्या. या गोळ्यांनी ऊन लवकर बाधतं, टोपी विसरू नका.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्या, पहिला आठवडा निभावतो. फक्त प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा सामानात ठेवू नका : केनियात 2017 पासून त्यांवर बंदी आहे, दंड जबर आहे. चटणी स्टीलच्या डब्यात, भाकरी कापडात बांधा. आणि ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर घ्या, आपला प्लग तिथं बसत नाही.